कालव्यावरची राखण

शालूबाईंनी माझ्या हातचा चहा पहिल्यांदा घेतला, तेव्हा मला त्यांच्या गावच्या शाळेत रुजू होऊन चौथं वर्ष लागलं होतं. त्याआधी कधीही विचारलं की पदराने तोंड पुसत म्हणायच्या, "नको बाई, पोटात आग पडती." खरं कारण नंतर त्यांनीच सांगितलं, अगदी तोंडावर. "तुमी औंढ्याच्या, तुमचे वडील देवळातले, ते समदं ऐकून व्हते. पर तुमी सोता कशा, ते कुठं ठावं व्हतं मला?"

त्यांचं गाव शिरड शहापूरपासून सहा किलोमीटर आत. मी औंढ्याहून शिरडपर्यंत एसटीने येते आणि पुढे मिळेल त्या जीपने. जीपमध्ये शालूबाई असल्या की ड्रायव्हरलाही धाक असायचा. टायर बघितल्याशिवाय त्या चढत नसत. बियाण्याची पिशवी घरात आली की पसाभर सोयाबीन ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या आणि कोंब मोजूनच नवऱ्याला पेरू द्यायच्या. गाव हसायचं. एका साली निम्म्या गावाचं बियाणं उगवलं नाही, तेव्हा पेरणीआधीच पिशवी परत करून आलेल्या त्या एकट्याच होत्या. तेव्हापासून हसणं थोडं कमी झालं. त्यांचे यजमान तातेराव मात्र पारावर बसून म्हणायचे, "देव दारात आला तरी ही आधी इचारंल, कोण्या गावचे तुमी?"

त्यांच्या मुलीची मुलगी कोमल आठवीपासून आजीकडे राहायला आली, कारण तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. शालूबाईंच्या लेखी ही दुसऱ्याची ठेव. शाळा सुटून दहा मिनिटं झाली की त्या फाटकाशी हजर. कोमल माझ्या वर्गात होती. बोलायला हळू, पण मधल्या सुट्टीत तिला धरून ठेवणं अवघड.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या सबस्टेशनवर नवा ऑपरेटर आला. हरिचंद राठोड, सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, राहायला सबस्टेशनच्या मागची एक खोली. एवढ्यावरच गावात कुजबुज सुरू झाली. त्यात तो रोज पहाटे कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर चालायचा. ते चालणंही विचित्र. पळाल्यासारखं वेगात, पण पळणं नव्हे. कोपरं वाकवलेली, कंबर डावी-उजवीकडे फिरणारी, गुडघे ताठ. म्हशी घेऊन जाणारी माणसं थांबून बघायची. कुणी म्हणालं, याच्या कंबरेत काहीतरी आजार आहे. कुणी म्हणालं, याच्या डोक्यात आहे.

मग एके दिवशी रस्त्यावर दर ठरावीक अंतरावर चुन्याच्या रेघा दिसल्या, आणि चेष्टा थांबून भीती सुरू झाली. रस्ता रुंद होणार, जमिनी जाणार, हा माणूस मोजणीसाठीच पाठवलेला आहे, असं दोन दिवसांत घरोघर झालं. सरपंचांनी जाऊन विचारलं. हरिचंद म्हणाला, "दोनशे मीटरच्या खुणा हायत. चालायच्या शर्यतीचा सराव करून राहिलो." चालायची शर्यत असते हेच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे उत्तर ऐकून संशय वाढलाच.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तो आमच्याकडे आला. मुख्याध्यापकांना म्हणाला, शालेय स्पर्धांमध्ये मुलींसाठी तीन किलोमीटर चालण्याची शर्यत असते. तालुक्यातून कुणी उतरतच नाही. तुमच्या मुली शेतातून, मळ्यातून रोज एवढं चालत येतात. मला सकाळी तास-दीड तास द्या, पैसा नको, काही नको. मुख्याध्यापकांनी ते काम माझ्यावर टाकलं, कारण खेळाचा शिक्षक आमच्याकडे नाही. मी वर्गात विचारलं तेव्हा पाच हात वर झाले. सगळ्यात आधी राजनंदिनीचा, ती कुठल्याही गोष्टीत पहिली. आणि सगळ्यात शेवटी, अर्धाच, कोमलचा.

त्याच संध्याकाळी शालूबाई थेट सबस्टेशनवर गेल्या. हा प्रसंग मला पुढे दोघांनीही सांगितला, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता. हरिचंदने बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"लगीन काहून न्हाई केलं?"

"झालं न्हाई, मावशी. भरतीच्या मागं वय गेलं."

"पोरीच काहून पायजेत? गावात पोरं न्हाईत?"

"पोरं यायला तयार न्हाईत. कंबर हालवून चालायची त्यांना लाज वाटती. पोरी आल्या."

"आन तुमाला काय भेटनार ह्याच्यात?"

हरिचंदने रिकामी खुर्ची पुन्हा त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "तुमीच या ना रोज. पोरी चालतील तवर बसून राहा. माझं काही वावगं दिसलं तर मला तिथंच बोला."

शालूबाईंना हेही खटकलं. चोर स्वतःहून राखणदाराला बोलावतो तेव्हा त्याचा डाव मोठा असतो, असं त्यांनी घरी येऊन तातेरावांना ऐकवलं. पण गावातल्या बायांना ही कल्पना पटली. राजनंदिनीची आई म्हणाली, "शालूबाई बसनार असतील तर माझी पोरगी जाईल, न्हाई तर न्हाई." असं गावानेच त्यांना राखणीला बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला कालव्याच्या पुलावर एक गोणपाट अंथरलं जाऊ लागलं. शालूबाई त्यावर बसून कापसाच्या वाती वळायच्या. हातांना ते काम डोळ्यांशिवाय येत होतं. डोळे हरिचंदवर. तो मुलींपासून किती हात लांब उभा राहतो, कुणाच्या खांद्याला हात लावतो का, बोलताना कुठे बघतो. तो कधीच कुणाला हात लावायचा नाही. काही दाखवायचं असलं तर स्वतः चालून दाखवायचा. शालूबाईंना वाटायचं, मी बसले आहे म्हणून.

मी आठवड्यातून एक-दोनदा पहिल्या गाडीने लवकर यायचे. तेव्हा हरिचंद मुलींना समजावत असलेला ऐकू यायचा. "दोनच नेम हायत. एक, कोणता तरी एक पाय कायम जमिनीला लागलेला पायजे. दोन्ही पाय हवेत गेले की ते पळणं झालं. दोन, पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ. अंग त्या पायावरून पुढं जाईस्तोवर वाकवायचा न्हाई. पंच रस्त्याच्या कडेला उभे ऱ्हातात आन नुसत्या डोळ्यानं बघतात. आधी पिवळी पाटी दाखवून ताकीद देतात. तीन पंचांनी लाल कार्ड दिलं की तुमी बाहेर."

"म्हंजे पंच संशय घेत बसतात," शालूबाई पुलावरून म्हणाल्या.

"व्हय मावशी. त्यांचं कामच ते हाय."

त्यांनी पुन्हा वाती वळायला घेतल्या. पण हरिचंदकडे बघण्यासारखं काही सापडत नव्हतं, आणि रोज दीड तास तरी बघायचं कशाकडे? नजर आपसूक मुलींच्या पायांवर गेली.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी राजनंदिनी सगळ्यांच्या पुढे झपाझप येत होती. हरिचंद घड्याळ बघून खूश होता. शालूबाई म्हणाल्या, "पाय उचलून राहिली ती."

"न्हाई मावशी. बराबर चालली."

"उजवा टेकायच्या आत डावा सुटून राहिला. दर येळी न्हाई. दम लागल्यावर."

हरिचंदने पुढच्या फेरीला मोबाईलवर चित्रण केलं आणि सावकाश चालवून पाहिलं. बोटभर अंतर होतं, पण होतं. नुसत्या डोळ्याने ते त्याला दिसलं नव्हतं. तो मोबाईल हातात धरून शालूबाईंकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, अशी नजर मी पंचांकडं बी कमी पाहिली."

त्या दिवशी शालूबाई घरी जाताना मला म्हणाल्या, "बाई, आज त्यानं माझं कौतिक केलं. ध्यान ठेवा, आता त्याला कायतरी पायजे आसंल."

तरी पुढच्या दिवसापासून वाती कमी होऊ लागल्या. "कोमल, गुडघा!" अशी हाक पुलावरून यायची आणि कोमलचा गुडघा सरळ व्हायचा. तातेराव कुरकुरायचे की खुरपणीच्या दिवसांत ही बाई पहाटे कालव्यावर जाऊन बसते. शालूबाई म्हणायच्या, "गावानं काम दिलंय मला."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो प्रकार घडला. त्यात माझीही चूक आहे, म्हणून सगळं सांगते.

स्पर्धेच्या फॉर्मला वयाचा पुरावा लागतो. मी मुलींना आधार कार्ड आणायला सांगितलं होतं. चार जणींनी आणली. कोमलला वाटलं, आजीला विचारलं तर ती नाही म्हणेल. तिने पत्र्याच्या डब्यातून कार्ड गुपचूप काढलं. त्या दिवशी मी रजेवर होते. मधल्या सुट्टीत सबस्टेशनवर जाऊन तिने ते हरिचंदकडे दिलं, माझ्याकडे पोचवायला.

संध्याकाळी कोमलला शाळेतून घेऊन आल्यावर शालूबाईंनी कशासाठी तरी डबा उघडला आणि कार्ड जागेवर नव्हतं. कोमलला दोन शब्द रागाने विचारल्यावर ती बोलली, "हरिचंद सरांकडं हाय." पुढचं ऐकायला शालूबाई थांबल्या नाहीत. वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेल्या. सबस्टेशनच्या फाटकाशी पोचल्या तोवर मागे वीस-पंचवीस माणसं होती.

रजेवर असले तरी फॉर्मचे कागद गोळा करायला मी संध्याकाळी गावात येत होते. सबस्टेशनपाशी जीपमधून उतरले तर समोर हा घोळका. शालूबाई ओरडत होत्या, "पोरीचा कागद तुझ्याकडं काहून? कुठं न्यायची व्हती तिला? कुनाच्या गळ्यात बांधायची व्हती?" हरिचंद कार्ड हातात घेऊन उभा होता आणि फॉर्म, स्पर्धा, म्याडम असं काहीतरी सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. मागून कुणीतरी तांड्याचं नाव घेऊन घाणेरडं बोललं. मग दुसऱ्याने त्यात भर घातली.

त्याच्या हातातलं कार्ड बघूनच मला सगळं कळलं होतं. मी पुढे होऊन एका वाक्यात ते मिटवू शकत होते. पण मी रोज बाहेरून येणारी, एकटी बाई, नोकरी तिथेच करायची. मी आधी मागे उभी राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. शेवटी पुढे जाऊन बोलले, तोवर हरिचंदने कार्ड शालूबाईंच्या हातात दिलं होतं आणि तो आत निघून गेला होता. मी सांगितलेलं लोकांनी ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि पांगले. कुणी फाटकाच्या आत गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कालव्यावर हरिचंद नव्हता. मुली अर्धा तास थांबून परतल्या. त्याच दिवशी दुपारभर वीज गेली, आणि ती त्याने मुद्दाम घालवली असंही गावात बोललं गेलं. वीज शिरडकडूनच बंद होती.

कोमल आजीशी बोलेनाशी झाली. जेवायची, भांडी घासायची, अभ्यास करायची, पण शब्द नाही. शालूबाईंनी चार दिवस ते सहन केलं. पाचव्या दिवशी त्या शाळेत आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "बाई, फारम भरायची तारीख गेली का?"

"अजून दोन दिवस आहेत."

"तुमी चला माझ्यासंग. एकलीला माझ्याच्यानं जानं व्हईना."

आम्ही गेलो तेव्हा हरिचंद नोंदवही लिहीत होता. शालूबाईंनी कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "हे मी सोता घेऊन आले." माफी मागायचा त्यांचा तेवढाच प्रकार होता. हरिचंदने मान हलवली, पण कार्डाला हात लावला नाही.

"मावशी, मला आता नको हे. नोकरी करतो, खोलीत ऱ्हातो. पुरे हाय."

शालूबाई खाली फरशीवरच बसल्या. आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला लागल्या. चौदा वर्षांच्या होत्या. मामाने सांगितलं, औंढ्याच्या जत्रेला जाऊ. नवं लुगडं, हातभर बांगड्या. त्या खुशीत बसमध्ये खिडकीशी बसल्या. बस औंढ्याच्या पुढे गेली. उतरल्या तेव्हा एका अंगणात पाट मांडलेला होता आणि अनोळखी माणसं त्यांचे दात, हात, चालणं बघत होती. "तिथल्या बाया म्हनल्या, जरा चालून दाखव. मी चालून दाखवलं. मला वाटलं, खेळच हाय कायतरी." जत्रा त्यांनी पाहिली नाही. तातेराव माणूस चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. "पर तवापासनं कुनी ग्वाड बोललं की मी आधी त्याच्या मागचं बघते. मी तुमाला ते बोलले, ते तुमाला बघून न्हाई बोलले."

हरिचंद उठला, माठातलं पाणी आणून त्यांना दिलं. त्या ते प्यायल्या. मी ते लक्षात ठेवलं.

मग त्यानेही आपलं सांगितलं. वीस वर्षांचा असताना तो राज्य स्पर्धेत चालला होता. शेवटच्या फेरीत पुढे होता. तिसरं लाल कार्ड आलं आणि त्याला बाहेर काढलं. जिंकला तो एका पंचाच्या ओळखीच्या क्लबमधला मुलगा होता. "त्या दिवसापासून मी म्हणून राहिलो की मला फसवलं. बापाला सांगितलं, तांड्याला सांगितलं. पुन्हा शर्यतीत उतरलो न्हाई." सोबतच्या मित्राने तेव्हा साध्या मोबाईलवर शेवटची फेरी टिपली होती. तो तुकडा त्याने इतकी वर्षं फोन बदलला तरी जपून ठेवला होता. आणि कुणाला दाखवला नव्हता.

त्याने फोन शालूबाईंपुढे धरला. "तुमी बघा."

चित्र धुरकट होतं. एक सडपातळ पोरगा वळणावरून येतो, समोरून जातो, संपलं. पाऊण मिनिट. शालूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"थांबवून दाखवू का?"

"न्हाई. पंचांनी काय थांबवून बघितलं व्हतं?"

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी फोन परत दिला. "वळनावर उचलला हाय. आन त्याच्या म्होरं, त्या झेंड्यापाशी, आनखी एकदा. ह्या दोन येळा मला दिसल्या. तिसऱ्यांदाचं मला न्हाई दिसलं. ते खरं का खोटं, मी न्हाई सांगू शकत."

मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार किंवा आम्हाला बाहेर काढणार. त्याने फोन खिशात ठेवला, खिडकीतून बाहेरच्या तारांकडे बघत राहिला. मग टेबलावरचं आधार कार्ड उचललं आणि माझ्या हातात दिलं. "म्याडम, उद्या साडेपाचला पोरींना पाठवा."

तालुक्याची स्पर्धा नावालाच झाली, कारण दुसरी एकच शाळा उतरली होती. जिल्ह्याची स्पर्धा हिंगोलीच्या मैदानावर होती. शालूबाई सोबत येणारच होत्या. मैदानावर त्यांनी आधी मुलींच्या पाण्याच्या बाटल्या स्वतःच्या पिशवीत घेतल्या, कुणी काही मिसळू नये म्हणून. मग पंच कोण, कुठले, हे विचारत फिरल्या. एका पंचाने विचारलं, "आजी, तुम्ही कोणत्या शाळेच्या?" त्या म्हणाल्या, "मी शाळेची न्हाई. मी बघायला आले."

शर्यत सुरू झाली. मैदानाला साडेसात फेऱ्या. बाकीच्या शाळांची पोरं कठड्यावर बसून शिट्ट्या मारत होती, कंबरा हलवून नक्कल करत होती. कोमलची मान खाली गेली. शालूबाई कठड्याकडे वळल्या आणि नुसतं बघत उभ्या राहिल्या. शिट्ट्या हळूहळू थांबल्या.

राजनंदिनी चौथ्या फेरीपासून पुढे होती. पाचव्या फेरीत तिला पिवळी पाटी दिसली. सहाव्यात मैदानाच्या कडेच्या फळ्यावर तिच्या क्रमांकापुढे दोन लाल खुणा होत्या, म्हणजे दोन पंचांची लाल कार्डं. हरिचंद कडेने ओरडत होता, "हळू, पोरी, हळू!" पण मागून येणाऱ्या मुलीचे पाय तिला ऐकू येत होते. शेवटची अर्धी फेरी उरली असताना मुख्य पंच समोर आले आणि त्यांनी तिला लाल पाटी दाखवली.

कोमल दुसरी आली. ती आली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण राजनंदिनी मैदानातच बसून रडत होती. "मला मुद्दाम काढलं! ती पहिली आलेली पोरगी त्यांच्या गावची हाय. मला फसवलं!"

हरिचंद तिच्याजवळ उकिडवा बसला. पंधरा वर्षं जे वाक्य तो स्वतः म्हणत आला होता ते त्याच्यासमोर दुसरं कुणी म्हणत होतं. मी वाट बघत होते की तो काय सांगतो. तो म्हणाला, "मी तुझा मास्तर. माझ्यावर इसवास ठेवू नको. शालूमावशीला इचार. त्यांनी तर कुनाचीच बाजू घ्यायची न्हाई अशी शपथ घेतल्यावानी हाय."

राजनंदिनीने वर बघितलं. शालूबाई म्हणाल्या, "उचलला, बाळा. तीनदा. मी मोजले." पुढे म्हणाल्या, "त्या पयल्या आलेल्या पोरीवर बी नजर व्हती माझी. तिचा न्हाई उचलला. उचलला असता तर मी हितं गोंधळ घातला असता."

राजनंदिनी त्या दोघांशीही बोलली नाही. परतीच्या जीपमध्ये तोंड फिरवून बसली. पुढचा सव्वा महिना ती कालव्यावर आली नाही. तिची आई शालूबाईंच्या दारात येऊन भांडून गेली, "पोरीची बाजू घ्यायला तुमाला बसवलं व्हतं!" शालूबाईंनी ऐकून घेतलं. मला म्हणाल्या, "खोटं सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं? खोलीत बसली असती, त्या हरिचंदसारखी."

कोमल विभागीय स्पर्धेत पाचवी आली. राज्याला जायला पहिल्या दोघींतच यावं लागतं, त्यामुळे ती तिथेच थांबली. पण तिच्या क्रमांकापुढे एकही लाल खूण नव्हती. घरी आल्यावर तातेरावांनी पारावर ते प्रमाणपत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. शालूबाईंनी ते हातात घेऊन शिक्का उजेडात धरून तपासला, आणि मग डब्यात ठेवलं.

दिवाळीनंतर एका सकाळी राजनंदिनी पुन्हा आली. सरळ चालायला लागली. दोन फेऱ्या झाल्यावर पुलाशी थांबून धापा टाकत तिने विचारलं, "उचलला?"

"एकदा," शालूबाई म्हणाल्या.

ती पुन्हा निघाली.

मागच्या वर्षी ती राज्य स्पर्धेत उतरली आणि आठवी आली. आता कालव्यावर चौदा मुली चालतात, आणि पोरंही आहेत, तीन. त्यांची लाज गेली. आया मुलींना पाठवताना एकच गोष्ट विचारतात, शालूबाई आहेत का. येताना आणि जाताना त्या डोकी मोजतात. हरिचंदच्या बाबतीत त्यांचं अजूनही पूर्ण समाधान झालेलं नाही. यंदा मार्चमध्ये त्याची बदली जवळच्याच दुसऱ्या सबस्टेशनवर झाली तेव्हा त्यांनी जाऊन विचारलं, "तुमीच मागितली का बदली? खरं सांगा." तो हसून नाही म्हणाला. त्यांनी आदेशाचा कागद मागून घेतला आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

तो आता रविवारी मोटारसायकलवर येतो. बाकीचे सहा दिवस पुलावर शालूबाईच असतात. चालायचं कसं ते त्यांना शिकवता येत नाही, घड्याळ वाचता येत नाही. रविवारी हरिचंद आला की त्या एकेका मुलीचं सांगायला बसतात, कुणाचा गुडघा, कुणाचा डावा पाय, कोण दम लागल्यावर फसवते. तो वहीत लिहून घेतो. लिहून झालं की त्या म्हणतात, "वाचून दाखवा काय लिवलं ते."